ताई, भट्टी विझली नव्हती

ताई, सोमवारी तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य बरं बोलले. तुझा वक्तशीरपणा, तुझ्या हाताखालून गेलेल्या मुली, फळ्यावरचं तुझं अक्षर, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "देशाच्या ऊर्जावापरावर बाईंनी मोलाचं संशोधन केलं." म्हणजे नेमकं काय केलं ते त्यांना सांगता आलं नाही, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणी विचारलंही नाही. मग मला म्हणाले, भाऊ म्हणून दोन शब्द बोला. मी उठलो, माइकपर्यंत गेलो, तुझ्या फोटोकडं बघितलं आणि परत येऊन बसलो. लोकांना वाटलं, भावाचा कंठ दाटून आला. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि तू समोर होतीस तेव्हा मी इतकी वर्षं ते टाळत आलो.

जालना जिल्हा झाला त्या वर्षी तू अर्थशास्त्र शिकवायला लागलीस आणि मी आयटीआय संपवून सळयांच्या कारखान्यात लागलो. आयटीआयचा अर्जही तूच भरला होतास; मी तर बापासारखं रोजंदारीवर जायला निघालो होतो. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागं आपण दोन खोल्या घेतल्या. शनिवारी दुपारची एसटी धरून वाटूरला आईकडं जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, असं चाललं होतं.

तू पीएच.डी.ला नाव घातलंस. विषय ऐकून आपल्या लोकांचे चेहरे कोरे व्हायचे. समाजातली पहिली बाई पीएच.डी. करायला निघालीय म्हटल्यावर त्यांना वाटायचं, काहीतरी आपल्याबद्दल लिहील. आणि तू घेतलेला विषय काय, तर एक रुपया कमवायला वेगवेगळे देश किती जळण जाळतात. कुणी जास्त का, कुणी कमी का. आणि एकाच देशाचा हा आकडा वर्षांगणिक वर-खाली का होतो. पुस्तकात त्याला ऊर्जा-तीव्रता म्हणतात. तू घरात 'दर रुपयामागचं जळण' म्हणायचीस, म्हणून मला तो विषय कळला.

मला आठवतो तो वाटूरचा रविवार. आई चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या सारत होती आणि तू उंबऱ्यात बसून एका जाड पुस्तकातला तक्ता बघत होतीस.

"मिलिंदा, यात आपला देश फार काटकसरी दिसतोय."

"चांगलंच आहे की."

"काय चांगलं? यात कोळसा धरलाय, तेल धरलंय, वीज धरलीय. ही आईची पऱ्हाटी कुठं आहे?"

"पऱ्हाटी कोण मोजणार?"

आई चुलीकडं बघतच म्हणाली, "मोजायचं काय त्यात? एक मोळी चार दिस जाती. पावसाळ्यात तीनच."

तू ते लिहून घेतलंस. मला हसू आलं, पण तू हसली नाहीस. म्हणालीस, गरीब देशाचं अर्धं जळण हिशेबाच्या वहीत येतच नाही, म्हणून तो हलका दिसतो. उद्या आई स्टोव्हवर आली की वहीला वाटणार, हा देश आता कुठं जाळायला लागला. मग कारखाने, रस्ते, पूल बांधताना आकडा चढतच जाणार. आणि पुढं कधीतरी उतरणार. तो उतरतो कशानं, हे मला शोधायचंय.

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला, तो कधी संपलाच नाही. मी कामावरून यायचो, तू चहा टाकायचीस आणि आपण भांडायचो. मी म्हणायचो, थंड देशात घरं तापवावी लागतात, ते जास्त जाळणारच. तू म्हणायचीस, बरोबर, पण थंडी तर दोन थंड देशांत सारखीच असते, मग त्यांच्यात फरक का? मी म्हणायचो, आपल्या कोळशात राख जास्त. तू म्हणायचीस, बरोबर, पुढं बोल. तेल महागलं तेव्हा काही देशांनी यंत्रं बदलली, काहींनी नुसतीच तक्रार केली, असं तूच मला शिकवलंस. कुणी लोखंड बनवतं, कुणी घड्याळं. लोखंडाच्या रुपयामागं जास्तच जाळावं लागतं. ही सगळी उत्तरं तुझ्या वहीत ओळीनं होती. तरी तुझं समाधान नव्हतं. एक दिवस म्हणालीस, "पुस्तकातून जेवढं मिळायचं ते मिळालं. आता मला भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचंय. तुमच्या शेठला विचार."

शेठनं हो म्हटलं, कारण प्राध्यापक बाई कारखाना बघायला येणार याचं त्याला अप्रूप होतं. तू आठ दिवस आलीस. पदर खोचून, नाकाला रुमाल बांधून. आमचं काम साधं: लोखंडाचे ठोकळे भट्टीत लाल करायचे, आणि मग रोलांतून काढून सळया पाडायच्या. भट्टी कोळशावरची. कोळसा फोडणारे, वाहणारे आणि टाकणारे मिळून अकरा जण, आणि त्यांत आष्टीचा किसन. घरची जमीन भाऊ बघायचे म्हणून हा जालन्याला आलेला. फावडं त्याच्या हातात पेनासारखं चालायचं. तू एक भरलेलं फावडं काट्यावर ठेवून वजन केलंस आणि मग फावडी मोजायला लागलीस.

किसननं दुसऱ्या दिवशी काम थांबवून विचारलं, "बाई, हे कशापायी लिहून राह्यल्या तुम्ही? आमची माणसं कमी करायला तर न्हाई?"

सगळे थांबले होते. ब्लोअरचा आवाज तेवढा चालू होता.

तू म्हणालीस, "नाही. कोळसा कमी लागावा म्हणून. माणसांचा यात काही संबंध नाही."

"मंग बराबर हाय," किसन म्हणाला, आणि त्यानंतर तोच तुला फावडी मोजून सांगायला लागला.

आठव्या दिवशी तुझा हिशेब लागला. चांगल्या भट्टीला जेवढं जळण पुरतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट आमची भट्टी खात होती. दारातून धग बाहेर, छताच्या फटींतून धग बाहेर. तू मला वही दिलीस आणि सांगितलंस, तक्ता नीट उतरवून दे. आणि म्हणालीस, "ही माझ्या प्रबंधासाठी आहे, मिलिंदा. शेठसाठी नाही."

मी ती शेठला दाखवली.

का दाखवली, हे तू मला नंतर विचारलंस तेव्हा मी म्हणालो, भट्टी सुधारावी म्हणून. ते खोटं नव्हतं. भट्टीच्या फटींतून जाणारी धग मी रोज अंगावर घेत होतो. पण मला सुपरवायझर व्हायचं होतं, हेही खरं होतं. आयटीआय झालेल्या वाटूरच्या पोराला शेठनं खुर्ची देऊन बसवावं आणि विचारावं की आता काय करायचं, ही गोष्ट मला त्या दिवशी फार मोठी वाटली. शेठनं वही दोनदा वाचली. "बाईंनी बिलकुल बरोबर पकडलं," म्हणाला. सहा महिन्यांत तेलावरची नवी भट्टी उभी राहिली. तेलाच्या भट्टीला कोळसा फोडणारे लागत नाहीत, वाहणारे लागत नाहीत, टाकणारेही लागत नाहीत.

किसन तुझ्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. तुला काही वाईट बोलला नाही, असं तू सांगितलंस. एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही न्हाई म्हनल्या व्हत्या."

त्या संध्याकाळी तू आमच्या घरी आलीस. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते, मी वेगळी खोली घेतली होती. तू बसली नाहीस. बायको आत पाणी आणायला गेली तेवढ्यात आपलं जे व्हायचं ते होऊन गेलं.

"वही का दाखवलीस?"

"भट्टी सुधारली ना ताई? तुझाच आकडा खाली आला. टनामागं किती कमी जळतंय ते बघ तरी येऊन."

"आकडा खाली आला. अकरा माणसं कुठं गेली?"

"देश असाच सुधारतो. तूच म्हणतेस."

"असाच सुधारतो का, हे मी विचारते. म्हणत नाही." आणि मग दाराकडं वळून तू विचारलंस, "जुन्या भट्टीचं काय केलं?"

"मोडली," मी म्हणालो.

एका शब्दाचं खोटं. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मला वाटलं, उद्या दुरुस्त करू. बायकोनं आणलेलं पाणी तसंच राहिलं, तू निघून गेलीस, आणि आपण जवळजवळ दोन वर्षं बोललो नाही.

भट्टी मोडली नव्हती, ताई. शेठ म्हणाला होता, गिऱ्हाईक बघ. आयटीआयमधला माझा एक दोस्त परभणीच्या पलीकडं एका नव्या कारखान्यात होता. त्यांच्या मालकाला स्वस्तात भट्टी हवी होती. मीच मध्ये पडलो. लोखंडी सांगाडा, दारं, ब्लोअर, विटा, सगळं सोडवून ट्रकांवर चढवलं. किसनला आणि आणखी तिघांना मीच सांगितलं की तिकडं काम आहे, भट्टीबरोबर जा. मला वाटलं, मी त्यांचं भलंच करतोय. ती माणसं उपाशी राहू नयेत म्हणून मी धडपडलो, हे मला तुला सांगता आलं असतं. पण मग 'मोडली' म्हणालो त्याचं काय, हेही सांगावं लागलं असतं.

आणि विटांचंही. भट्टीच्या आतल्या विटा जाळ खाऊन खाऊन संपतात. बाहेरून शाबूत दिसतात, पण हातात घेतली की कळतं. मी त्यांची छाटणी करत होतो, चांगल्या एका बाजूला आणि संपलेल्या दुसऱ्या बाजूला. शेठ आला आणि म्हणाला, "सगळ्याच भरा. गिऱ्हाईक विटा मोजून घेणार, वाजवून न्हाई." मी म्हणालो, छताला या चालणार नाहीत. तो म्हणाला, "छताला लावा असं आपण कुठं सांगून राह्यलो?" मी भरल्या. दोस्ताला चिठ्ठी लिहिता आली असती. किसनच्या कानात सांगता आलं असतं, तो ट्रकच्या मागंच उभा होता. मी काहीच केलं नाही.

दीड वर्षानं दोस्ताची चिठ्ठी आली की भट्टीचं छत पडलं, किसनचा डोळा गेला आणि उजवा हात भाजला. मी ती चिठ्ठी वाचून फाडली. गेलो नाही.

इकडं तुझा प्रबंध पुढं सरकत होता. आमच्या कारखान्याचं प्रकरण तुझ्या मार्गदर्शकांना फार आवडलं होतं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तांत्रिक सुधारणेनं ऊर्जा-तीव्रता कशी उतरते याचं नमुनेदार उदाहरण, असं ते म्हणायचे. तू ते तसंच लिहून मोकळी झाली असतीस तर लवकर डॉक्टर झाली असतीस. पण तू एका विद्यार्थिनीच्या लग्नाला आष्टीला गेलीस आणि बाजारात तुला किसनची बायको भेटली. तिनं सांगितलं, परभणीच्या पलीकडं आहेत, त्याच जुन्या भट्टीवर, आणि डोळा गेलाय.

तू दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून परभणीकडची गाडी धरलीस. एकटी. कुणालाही न सांगता. तिथून परत आलीस आणि सरळ माझ्या घरी आलीस. दोन वर्षांनी. बायको चमकली, मी उठून उभा राहिलो. तुझ्या साडीवर कोळशाची पूड होती.

"ती मोडली नव्हती," तू म्हणालीस.

तू माझ्याकडं बघत होतीस आणि मला एवढंच कळत होतं की आता जे बोलीन ते आयुष्यभर राहील.

"मला शेठनं मोडली म्हणूनच सांगितलं होतं," मी म्हणालो.

मग "बरं," म्हणालीस, आणि माझ्या बायकोला विचारलंस, जेवायला काय आहे. त्या दिवशी तू आमच्याकडं जेवलीस. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर तू ते प्रकरण फाडून नव्यानं लिहिलंस. जालन्याच्या कारखान्याचा आकडा उतरला, हे खरं. पण जुनी भट्टी दुसऱ्या गावात त्याच भुकेनं जळतेय. छत पडल्यावर ठिगळं लावून चालवतात, म्हणून पूर्वीपेक्षाही जास्त खाते. दोन्ही भट्ट्या एकाच पानावर मांडल्या तर काय दिसतं? आणि मग तू उडी घेतलीस. श्रीमंत देशांचा आकडा उतरतो तेव्हा त्यांच्या भट्ट्या खरंच सुधारलेल्या असतात, की त्यांतल्या काही परक्या देशात जाऊन जळत असतात? त्यांच्या पुलांचं लोखंड जिथं तापतं, तिथल्याच वहीत धूर चढतो. पूल त्यांचा, जळण आपलं.

मार्गदर्शक चिडले. एका भट्टीवरून देशांबद्दल बोलता येत नाही, म्हणाले. मलाही ते पटायचं, आणि खरं सांगायचं तर तुलाही पटायचं. तू म्हणायचीस, एका भट्टीवरून उत्तर मिळत नाही, प्रश्न मिळतो. त्या प्रश्नापायी तुझी किती वर्षं गेली, ते तुझ्या डोक्यावरचे पांढरे केस बघून मला कळायचं. तू किसनचं नाव आणि त्याचा डोळा प्रबंधातून काढून टाकायला तयार झालीस, कारण ते 'विषयाबाहेरचं' होतं. भट्टी काढायला मात्र तयार झाली नाहीस.

तुझ्या तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर होतो. कुणालाही येऊन बसता येतं, असं तूच म्हणाली होतीस. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, मऊ बोलायचे, पण विचारायचे धारदार.

"म्हणजे सुधारणा होतच नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"होते, सर. आमच्या कारखान्यात झाली, मी मोजली आहे. पण आकडा उतरलेला दिसला की मी दोन प्रश्न विचारते. भट्टी सुधारली, की जागा बदलून गेली? आणि दोन्ही झालं असेल तर कशाचा वाटा किती?"

"आणि तिसरं कारण नसतं?"

"असतं. देश भट्टीवाचून कमवायला लागतो. बँका, दवाखाने, शाळा, कचेऱ्या. त्यालाही जळण लागतं, पण रुपयामागं कमी. तेही मी वेगळं काढलंय."

परीक्षकांनी पानं उलटली. ते त्याच प्रकरणावर येऊन थांबले.

"ही जुनी भट्टी कुणी विकली, कुणाच्या मध्यस्थीनं गेली, याची नोंद नाही?"

तू मागं वळून बघितलं नाहीस. "कारखान्यानं विकली," म्हणालीस. "व्यक्तीची नोंद माझ्या विषयाच्या बाहेर आहे."

मी बाकाची कड धरून बसलो होतो. निकाल जाहीर झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई वाटूरहून आणलेलं नवं लुगडं नेसून रडत होती. तू माझ्या हातात पेढा ठेवलास. तो मी खाल्ला.

पुढची वर्षं चांगली गेली, ताई. तेही लिहायला पाहिजे. तू माझ्या मुलीला शिकवलंस. तिला टक्केवारी समजेना तेव्हा शेगडीवर दूध ठेवून समजावलीस. जालना बदललं, बियाण्यांच्या कंपन्यांच्या काचेच्या कचेऱ्या झाल्या, घरोघरी मोटारसायकली आल्या. कॉम्प्युटरवर बसून पोरं कमवायला लागली आणि तू म्हणालीस, बघ, देशाचा आकडा आता उतरणार. मी म्हणालो, उतरेल, पण सगळ्यांनीच कॉम्प्युटरवर बसायचं म्हटलं तर सळया कोण पाडणार? पूल तर बांधायचेच आहेत. तू म्हणालीस, पूल एकदा बांधला की झाला. मी म्हणालो, वाटूरला अजून झाला नाही. तेव्हा तू खळखळून हसलीस. शेवटपर्यंत तुझं म्हणणं एकच, की खरं मोजायचं असेल तर देशानं काय बनवलं ते मोजू नका, देशातल्या माणसांनी काय वापरलं ते मोजा, मग ते कुठंही तापलेलं असो. आणि माझं म्हणणं, मग कुणीच स्वतःची भट्टी सुधारणार नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, असं मला आता वाटतं. तुला ते वाटायचं का, विचारायचं राहिलं.

मग तुझ्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा औरंगाबादला जीपनं न्यायचो. तासाभराचा रस्ता, वाटेत कारखान्यांची धुराडी. जाताना तू बोलायचीस, येताना डोळे मिटून पडायचीस. मी तीन वेळा ठरवलं होतं, आज सांगायचं. एकदा तोंड उघडलंही.

"ताई, त्या परभणीच्या भट्टीचं..."

"काच वर कर रे," तू म्हणालीस. "धूळ येतेय."

मी काच वर केली. मला वाटलं, तुला ऐकू आलं नाही. मग पुन्हा धीर झाला नाही. आणि मागच्या महिन्यात तू गेलीस.

शोकसभेनंतर गुरुवारी आष्टीला गेलो. किसन आता गावातच असतो, भावाच्या घराला लागून त्याची पिठाची गिरणी आहे. डाव्या हातानं काम करतो. मी कोण ते त्यानं एका डोळ्यानं लगेच ओळखलं. गिरणी बंद केली, पट्टा थांबेपर्यंत वाट बघितली.

"ताई गेल्याचं कळलं," म्हणाला. "याचं व्हतं मला, पण गाडीच न्हाई भेटली."

मी उभ्या उभ्याच सांगितलं, की भट्टीला गिऱ्हाईक मी आणलं होतं, आणि ते मी ताईला कधीच सांगितलं नाही.

त्याला काही वाटलंच नाही. "ते तर ताईला ठावं व्हतं," म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"म्याच. भट्टीवर आल्ती मला बघायला, तवा. तिनं इचारलं, इथं कसे आले तुम्ही? म्या सांगितलं, तुमच्या भावानंच धाडलं."

"मग? काय म्हणाली?"

"पाणी मागितलं. मंग म्हनली, तुम्हाला काम मिळावं म्हणून केलं असंल त्यानं. म्या म्हनलो, व्हय, म्हणूनच."

गिरणीत बसायला पोतं होतं, त्यावर मी बसलो. म्हणजे त्या दिवशी तू परभणीहून माझ्या घरी आलीस तेव्हा तुला माहीत होतं. मी शेठचं नाव घेतलं तेव्हा माहीत होतं. 'बरं' म्हणालीस आणि जेवलीस, तेव्हा माहीत होतं. परीक्षकांपुढं माहीत होतं. जीपमध्ये माहीत होतं, आणि म्हणून काच वर करायला सांगितलीस. मला ते सांगण्यातून तू सोडवलंस, ताई, की माझ्यातला भाऊ तुला शिल्लक ठेवायचा होता? मला तुझा राग आला. तू असं गप्प राहायला नको होतं. मला बोलायला लावायला पाहिजे होतं.

किसन म्हणाला, "त्यात काय येवढं? काम भेटलं मला. छत पडलं ते माझं नशीब."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक गोष्ट अजून कुणालाच ठाऊक नव्हती. त्यालाही नाही, तुलाही नाही. मी तिथून उठून येऊ शकलो असतो. त्यानं मला केव्हाच सोडून दिलं होतं, तूही.

मी त्याला विटांचं सांगितलं. छाटणी, शेठचं बोलणं, माझं भरणं. तो ट्रकच्या मागं उभा होता आणि मी त्याच्याकडं बघत होतो, तेही सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हात धोतराला पुसत विचारलं, "किती व्हत्या तशा?"

"निम्म्याहून जास्त."

"आन् छताला त्याच लागल्या."

"हो."

"ताईला ठावं व्हतं हे?"

"नाही."

दोन बायका दळण घेऊन आल्या, त्यानं त्यांना हातानंच थांबा म्हटलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "नशीब म्हनून राह्यलो व्हतो म्या इतके दिस." आणि जरा वेळानं, "जावा आता तुम्ही."

मी निघालो. मागं गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

आज सकाळपासून हे लिहितोय. तुझ्या विषयातलं मला जेवढं कळलं तेवढं असं की आकडा उतरलेला दिसला की विचारायचं, बाकीचं जळण कुठं गेलं. तू जगातल्या देशांना ते विचारलंस. मला विचारलं नाहीस. मला तू तुझ्या हिशेबानं सोडून दिलंस, आणि तो हिशेब पुरा आहे, असं तुला मनापासून वाटत होतं. पण ताई, तू मला जेवढ्याची माफी दिली होतीस, मी केलं होतं ते त्याहून जास्त होतं.